तिरडीवरचे पाय

५ जानेवारी, रविवार

वही, माफ कर. दसऱ्यानंतर आज हात लावतोय तुला. कापणी झाली, झोडणी झाली, मग बायकोचे, काळीचे, गुडघे धरले — आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. शेळी व्याली, हे काय लिहायचं!

आज आहे. सरपंच सुनिल घरी आला होता. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "राजा आजोबा, सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की तुमचा सत्कार. शाल, नारळ. गावचे ज्येष्ठ कलाकार म्हणून."

काळी आतून म्हणाली, "कलाकार! एक दिवस मढं होऊन पडला होता. त्याचा सत्कार?"

"आजी, मढं तर मढं. टीव्हीत आलं ना? आपल्या पाड्यातलं दुसरं कोण आलंय?"

ती मालिका आता फोनवर मिळते म्हणे. आमची नात रोशनी तो भाग शोधून काढणार आणि शाळेच्या भिंतीवर पांढरा पडदा लावून सगळ्यांना दाखवणार. मी बरं म्हटलं. सुनिल गेल्यावर बोटांवर दिवस मोजले. सव्वीस तारखेपर्यंत एकवीस दिवस. माझं वय सदुसष्ट. काही झालं तर?

पांढऱ्या सदऱ्याची दोन बटणं गेलेली आहेत.

८ जानेवारी

रोशनी म्हणाली, "आजोबा, सगळं नीट सांगा, म्हणजे शोधायला बरं." तिला सांगितलं. इथेही लिहून ठेवतो. सातवी नापास माणूस आहे, चुका होतील.

अठ्ठ्याऐंशी साल असेल. सीमेपलीकडे, गुजरातच्या बाजूला, देवादिकांच्या मालिकेचं शूटिंग चालायचं. धनेशभाई टेम्पो घेऊन यायचा आणि आमच्या पाड्यावरून माणसं भरून न्यायचा. सैन्य म्हणून. सकाळी एका राजाचं सैन्य, दुपारी फेटे बदलून दुसऱ्या राजाचं. मीच मारायचो आणि मीच मरायचो! मी आणि सुदाम कायम बरोबर. सुदामचे आईबाप तो लहान असतानाच गेलेले. मामाकडे वाढला, पण जेवायला आमच्याकडेच असायचा.

एकदा म्हाताऱ्या राजाची अंत्ययात्रा होती. खरा नट मुंबईला निघून गेलेला. तोंड फुलांनी झाकायचं, पाय तेवढे उघडे ठेवायचे. धनेशभाईने माझ्याकडे बोट केलं — "चिमण, तू सूई जा. हालवानुं नहीं!" म्हणजे आडवा हो, हलायचं नाही. दिवसभर उन्हात तिरडीवर पडलो. नाकावर माशी बसली. हाललो नाही. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला म्हणून माझ्या जागी सुदाम आडवा झाला. दोनच दिवस आम्ही त्या कामाला गेलो.

साहेब खूष झाले. धनेशभाई म्हणाला, पुढच्या आठवड्यात तुला दूत करतो. तोंड उघडं! आणि एक वाक्य — "महाराज, शत्रू वेशीपाशी येऊन ठेपला आहे."

ते वाक्य मी बांधावर म्हणत असे. बैलांना ऐकवत असे. अजूनही कधी कधी गायीला चारा टाकताना तोंडात येतं. काळी म्हणते, "गायीला कशाला घाबरवता?"

९ जानेवारी

काल पुढचं लिहायचं टाळलं. लिहितो.

त्या रविवारी गुरुजींच्या ओट्यावर अख्खा पाडा जमला होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा काळा-पांढरा टीव्ही. माणसं बोटभर दिसायची, मध्येच मुंग्या यायच्या. मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आज मी दिसणार. कसा दिसणार ते नाही सांगितलं. मजा म्हणून. काय माझी अक्कल!

तिरडी आली. सुदामकडून ऐकलेलं असेल, त्याचा मामा ओरडला, "अरे, हा तर आपला चिमण!" आईने अशी किंकाळी फोडली की कुत्री पळाली. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. "आई, मी इथे आहे, इथे!" तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि आणखी मोठ्याने रडायला लागली.

घरी आलो तर ती दारात आडवी. म्हणाली, चार खांद्यांवर गेलेला माणूस दारातून आत येत नाही. मागच्या बाजूच्या भिंतीचा कूड तोडला आणि त्या भोकातून मला रांगत आत घेतलं. तान्ह्या पोराला घालतात तशी आंघोळ घातली. तिशीतला बाप्या मी! दुसऱ्या दिवशी विवळवेढ्याला नेलं. महालक्ष्मीपुढे माझा हात धरून शब्द घेतला — पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभा राहणार नाही.

मंगळवारी टेम्पो आला. धनेशभाईने तीन वेळा हॉर्न दिला. मी कुडामागे बसून राहिलो. कूड नवा होता, शेणाचा वास येत होता. टेम्पो गेला.

आईला मी कधी काही बोललो नाही. पण त्यानंतर ती जेवायला वाढायची तेव्हा मी खाली मान घालून जेवायचो. सोळा वर्षं. ती जाईपर्यंत.

दूत झालो असतो तर पुढे काय झालं असतं, कोणाला ठाऊक. लोक म्हणतात, नशीब. मला वाटतं, कूड.

१४ जानेवारी

भाग सापडत नाही. रोशनी म्हणते, शंभराच्या वर भाग आहेत, कॉलेज सांभाळून बघते. डहाणूहून येता-जाता गाडीत बघते म्हणे. गाडीत बघून डोळे बिघडले तर? तिला म्हटलं राहू दे. मग म्हटलं, नाही, बघ.

सुनिलने फलक छापायला दिला. माझा फोटो रेशनकार्डावरचा. त्यात मी चोरासारखा दिसतो.

१७ जानेवारी

सापडला!

संध्याकाळी रोशनी धावतच आली. शेजारीपाजारी सगळे जमले. आता रंगीत आहे, स्वच्छ. पताका, शंख, हत्ती. मग तिरडी. पोरं ओरडली, "राजा आजोबा! राजा आजोबा!" काळीसुद्धा पदर तोंडाला लावून बघत होती.

मी रोशनीला म्हटलं, थांबव. पाय मोठे कर.

तिने दोन बोटांनी मोठे केले.

माझ्या डाव्या अंगठ्याला नख नाही. सात वर्षांचा असताना त्याच्यावर मुसळ पडलं, ते परत आलंच नाही. पडद्यावरच्या दोन्ही अंगठ्यांना नखं आहेत. चांगली, गोल.

"काय झालं, आजोबा?"

"काही नाही. बंद कर. बॅटरी संपेल."

१८ जानेवारी

म्हणजे सुदामचे.

१९ जानेवारी

सदतीस वर्षं मला राजा म्हणतात. लग्नात आधी मला पान देतात, राजा बसलाय म्हणून. पोरांनी शाळेत सांगितलंय. फलकही छापून आला. आणि पडदा लागेल तेव्हा पाय किती मोठे दिसतील! भिंतीएवढे. माझा अंगठा पाड्यातल्या कोणाला माहीत नाही?

बूट घालून जावं असं मनात आलं. घरात बूट नाहीत. मुकेशचे आहेत, पण मुलाचे बूट मागायचे तर कारण सांगावं लागेल.

काळीला सांगितलं नाही. तिला कळलंय असं वाटतं. आज चहात साखर जास्त होती.

२० जानेवारी

सायवनला जाऊन आलो. उधव्यापर्यंत ईको गाडी मिळाली, तिथून दुसरी. सुदाम लग्नानंतर तिकडेच राहिला, सासऱ्याच्या जमिनीवर. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या महिन्यात शिबिरात ऑपरेशन आहे. उन्हात खाटेवर बसला होता, पायांवर गोधडी घेऊन.

"कोण?"

"दूत आलाय, महाराज."

"चिमण्या! मेला नाहीस अजून?"

"एकदा मेलो. पुन्हा पुन्हा किती मरू?"

त्याची सून संगीता हसत हसत चहा ठेवायला गेली. मग मी सांगितलं. पडद्यावरचे पाय माझे नाहीत. दुसऱ्या दिवशीचे आहेत. तुझे.

मला वाटलं चकित होईल. तो नुसता मान हलवत राहिला.

"मला तेव्हाच कळलं होतं," म्हणाला. "गुरुजींच्या ओट्यावर. मी मागे पेरूच्या झाडाखाली उभा होतो. तिथून टीव्ही एवढासा दिसत होता. पण आपले पाय माणूस ओळखतो."

"मग बोलला का नाहीस, गाढवा? तेव्हाच सांगितलं असतंस तर आईने मला..."

"तेच सांगतोय. ऐक. तुझी आई रडत होती. छाती बडवून. म्हटलं, हे माझे पाय आहेत आणि माझ्या पायांसाठी कोणी रडतंय. माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. आपण मेलो तर कोण रडेल, हे मला लहानपणापासून वाटायचं. त्या दिवशी बघायला मिळालं. तेवढं बघून घेतलं. मग बोलायची वेळ निघून गेली." मग म्हणाला, "तुझं दूताचं काम गेलं, त्याचं मला वाईट वाटलं. पण खरं सांगू? खूप नाही वाटलं."

मला राग यायला हवा होता. मी आत शोधला, सापडला नाही. चहा गोड होता.

निघताना म्हटलं, सव्वीसला ये. शाल तुझी. तो म्हणाला, "आंधळ्याला शाल देऊन काय, रंग कोणता तेही दिसायचं नाही." मग म्हणाला, "संगीताला विचारतो. कळवतो."

ईकोत बसल्यावर आठवलं. आई सुदामला आधी वाढायची. पाहुणा म्हणून नाही. तो हळू जेवायचा म्हणून.

२३ जानेवारी

सायवनवरून निरोप नाही. सुनिलला सगळं सांगून टाकलं. तो डोकं खाजवत राहिला. "आजोबा, फलक छापलाय हो!"

काळीने सदऱ्याला बटणं लावली. दोन्ही वेगळ्या रंगाची.

२४ जानेवारी

संगीताचा फोन. येतोय!

२६ जानेवारी, रविवार

झालं.

झेंडा वर गेला. सुदामला संगीताने पायमोजे, कॅनव्हासचे बूट, कानटोपी, सगळं घालून आणलं होतं. लग्नाला आल्यासारखा. मग पडदा. पाय भिंतीएवढे आले. पोरं ओरडली. सुनिलने माईक माझ्या हातात दिला. तो कसा धरायचा तेही कळेना.

मी म्हटलं, "ते पाय माझे नाहीत. सुदामचे आहेत." आणि चप्पल काढून अंगठा दाखवला.

मागून मुकेशच — माझा मुलगा! — म्हणाला, "मग इतकी वर्षं आम्ही कोणाला राजा म्हणत होतो?" सगळे हसले. मीही. शाल सुदामला घातली. त्याने हाताने चाचपून बघितली, रंग विचारला. कोणी तरी म्हणालं केशरी, कोणी तरी म्हणालं लाल. खरी मरून होती.

मग सुनिल म्हणाला, "आजोबा, ते वाक्य तरी म्हणा. दूताचं." सगळी पोरं फोन वर करून उभी राहिली.

मी म्हटलं, "फोन खाली. कॅमेऱ्यापुढे नाही म्हणणार. आईला शब्द दिलाय." कुरकुर झाली. रोशनीने आधी स्वतःचा फोन खाली ठेवला, मग एकेकाच्या हाताकडे बघत उभी राहिली. सगळे फोन खाली गेले.

मी गुडघ्यावर बसलो, सुदामपुढे. मोठ्याने म्हटलं — "महाराज, शत्रू वेशीपाशी येऊन ठेपला आहे!"

सुदाम कानटोपी सरळ करत म्हणाला, "मग त्याला चहा द्या."

एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. कुठेही त्याची फिल्म नाही. उद्या कोणी मागितली तर दाखवायला काही नाही. तरी संध्याकाळी बरं वाटत होतं. गुडघा मात्र ठणकतोय. उठताना दोघांनी धरलं.

३ फेब्रुवारी

पोरं अजून राजाच म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. सुदाम सायवनला, इथे कोणाला म्हणतील?

मागच्या बाजूला आता विटांची भिंत आहे. कूड कुठे होता ते आज मोजून बघितलं. चुलीपासून चार हात. आईला बसून एवढं भोक पाडायला किती वेळ लागला असेल?

१६ फेब्रुवारी

सुदामच्या डोळ्याची पट्टी निघाली. संगीताने फोन लावून दिला.

"चिमण्या, सगळं दिसतं! माझी बायको म्हातारी झाली रे!" मग हळूच — "संगीताने तो भाग दाखवला. मोठा करून. माझ्या उजव्या घोट्यावर डाग आहे, शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना लहानपणी भाजलेला. त्या पायावर नाही. ते पाय माझे पण नाहीत."

मीही बघितलं. मी फक्त अंगठे बघितले होते. घोटे स्वच्छ आहेत.

म्हणजे आम्ही गेलो नाही त्या तिसऱ्या दिवशी कोणी तरी तिसराच आडवा झाला. कुठल्या पाड्यावरचा, कोण जाणे.

बाबा, तू जो कोणी असशील — त्या रविवारी तुझ्यासाठी एक बाई छाती बडवून रडली होती. माझी आई. तुला हे कोणी सांगितलं नसेल. असशील तर लवकर कळव.