गॅझेटातलं आडनाव

१२ जानेवारी १९८१, जहरा, कुवेत

नऊ नंबरच्या बेडवरच्या स्पॅनिश फिटरचं रक्त घ्यायला गेलो. आडनाव एचेवेरिया — लेबलवर लिहिताना नाकी नऊ आले! तो हसला. म्हणाला, स्पॅनिश नको, बास्क म्हण. त्यांच्या भाषेत अर्थ नवं घर. डोंगरात कुणी नवं घर बांधलं की त्यात राहणारे तेच नाव लावायचे. म्हणून खोऱ्याखोऱ्यात एचेवेरिया, आणि एकमेकांचे कोणी नव्हेत. आपल्याकडचं झेवियरसुद्धा त्यातूनच आलं म्हणे.

मग माझं विचारलं. आंबवणेकर, म्हणजे आंबवणे गावचा. "मग घर तिथेच असेल?" हो म्हणालो. खोटं नव्हे. पण घर गावाबाहेर, वस्तीत. आणि नाव गॅझेटातलं.

१३ जानेवारी

डोक्यातून जात नाही. चौऱ्याहत्तर साली, पासपोर्टाआधी, कांबळेचं आंबवणेकर केलं. का? तर ऐकलं होतं, इथल्या मराठी मंडळात पहिला प्रश्न आडनाव, दुसरा गाव — म्हटलं दोन्हींचं उत्तर एकदमच देऊन टाकू. गॅझेट बाबांना दाखवलं. एवढंच म्हणाले, "गावानं आपल्याला कधी घेतलं नाही. तू त्याचं नाव घेतोस?"

घरचे अजून पत्रावर कांबळेच घालतात. हॉस्पिटलचं टपाल बघणारा यूसुफ रत्नागिरीचा. काही न विचारता गुपचूप हातात आणून देतो.

१९ जानेवारी

वॉर्डात नवी नर्स. प्रेमा कांबळे, राजापूरची. कॅन्टीनमध्ये आमच्या लॅबच्या हेड शैलाताईंनी आडनाव ऐकलं, "अस्सं" म्हणाल्या. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं टेबलावरच्या सगळ्या बायकांना दिलं. तिला सोडून. मी चहा पीत बसलो.

नंतर ती लॅबमध्ये आली. "दादा, माझी आत्या आंबवण्यात दिलीय. तुम्ही कुणाच्या घरचे?"

म्हणालो, लहानपणीच मुंबईला गेलो, काही आठवत नाही. ती बरं म्हणाली आणि वॉर्डात गेली.

लाज वाटली. लिहितानाही वाटतेय.

२ फेब्रुवारी

यूसुफ रजेवर. त्याच्या जागचा इजिप्शियन पत्र घेऊन लॅबच्या दारात ओरडला — कांबळे! शैलाताई शेजारीच. मी मायक्रोस्कोपवरचा डोळा काढला नाही. प्रेमा सॅम्पल द्यायला आली होती. तिने पाकीट घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, खिशात घातलं.

उद्या एकटी भेटली की मागेन.

३ फेब्रुवारी

नाही मागितलं.

५ फेब्रुवारी

आज जिन्यात एकटीच भेटली. काय म्हणून मागू? माझं नाव कांबळे म्हणून? हवापाण्याचं बोललो. शी!

एचेवेरिया घरी गेला. जाताना फोटो दाखवला. त्यांच्या दाराच्या वरच्या दगडावर आडनाव कोरलंय. तुझ्या घराचा पाठव म्हणाला. पत्ताही दिला.

८ फेब्रुवारी

प्रेमाने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "मी उघडलं नाही, दादा. मागे आंबवणे लिहिलंय. तुम्ही मागाल म्हणून थांबले."

अक्षर भावाचं. बाबांचं काही खरं नाही, सारखं तुझं नाव घेतात, मिळेल त्या विमानाने ये.

मुंबईला चुलत्यांकडे ट्रंककॉल लावला. बाबा परवा, सहा तारखेला गेले.

पत्र दोन तारखेला आलं होतं.