भिंतीलगतची पट्टी

लातूर, ५ एप्रिल १९८६
आलो एकदाच्या! हदगावहून एसटीत हाडं खिळखिळी झाली, पण नोकरी मिळाली, तीही कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. जिल्हा होऊन चार वर्षंही झाली नाहीत, त्यामुळे पाट्या नव्या आणि धूळ जुनीच. हे हदगावलाच राहणार, त्यांची शाळा आहे. पाच वर्षांची चांगुणा खोलीत शिरली ती धावतच. ही पोरगी चालत म्हणून नाही. घरमालकीण कस्तुराबाईंनी आडनाव विचारलं, ऐकलं आणि आपली घागर लांब सरकवली. सरकवोत बापड्या! खोली ऐसपैस आहे, पश्चिमेची भिंत तर चांगली दोन हात जाड.

८ एप्रिल
कामाला लागले. काचेच्या नळीतली हवा पंपाने ओढायची, वीज सोडायची, की उरलेला वायू गुलाबी उजळतो. हा प्लाझ्मा. त्यातले इलेक्ट्रॉन हलके आणि उतावळे. ते आधी जाऊन भिंतीवर बसतात, मग भिंत मागून येणाऱ्यांना हाकलते. भिंतीलगत काळोखी पट्टी राहते. ती ओलांडतात फक्त सगळ्यांत वेगवान. असे किती, हेच गणित मला मांडायचंय.
दुष्काळाने जमीन वाळलीय, म्हणून प्रयोगशाळेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून घेतलं. नाहीतर साठलेली वीज जमिनीत उतरत नाही.

११ एप्रिल
टँकर आलाच नाही. आणि आज कस्तुराबाई आमच्या खोलीत येऊन पश्चिमेच्या भिंतीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतत होत्या. रोजच ओतते, म्हणाल्या, सासूनं सांगितलंय, भिंत कोरडी पडू द्यायची न्हाई. माझी लेक घोटभर पाण्यासाठी रडतेय आणि भिंतीला तांब्या! माझं डोकंच फिरलं. तांब्या हिसकावला आणि चांगुणाला पाजला. बाई म्हणाल्या, पाणी बाटवलं तुम्ही, आता मी ओतायची न्हाई, काय व्हायचं ते तुमचं तुम्ही बघा, अन् पोरीला लई पळू देऊ नका. मला धमकी देते!

१४ एप्रिल
जयंती. चांगुणाला पांढरा फ्रॉक घातला. दुपारी झरोक्यातून ऊन येतं, त्यात धूळ तरंगते. पण भिंतीच्या वीतभर अलीकडे ती थांबते. पुढे काळी पट्टी. मला हसू आलं, नळी डोक्यात बसलीय म्हटलं. हात पुढे नेला तर भिंतीने तो मागे लोटला. हळूच, पण लोटलाच.

१६ एप्रिल
पट्टी हातभर झाली. मांजराने उंदरामागे झेप घेतली — दोन्ही भिंतीत गेली. भिंतीवर ओरखडाही नाही.
अर्थिंग! बाई रोज अर्थिंगच करत होती, आणि मी ते —
पाणी मागायला गेले. धावले नाही, एकेक पाऊल टाकत गेले. कस्तुराबाईंच्या दाराला कुलूप. शेजाऱ्यांनी मला पाहून दारं लावली. हदगावची एसटी सकाळी. तोवर आम्ही दोघी ओसरीवर.

१७ एप्रिल
सामान घ्यायला आत गेले. चांगुणाला ओसरीवर बसवलं होतं, हलू नको म्हटलं होतं. आई म्हणत ती धावत आत आली. मी ओरडले. घाबरून ती आणखी जोरात — फ्रॉक हातात आला होता, निसटला —

दुपार
भिंतीच्या आतून हाका मारते. पाणी मागते. चालत गेले, सरपटत गेले, पाठ लावून रेटलं — भिंत लोटते. कुदळ हाणली. ती दांड्यासकट आत गेली, मी इकडे फेकले गेले.
म्हणजे वेग —

संध्याकाळ
पट्टी दारापर्यंत. मी अंगणात. इथून सरळ दार, सरळ भिंत. धावायचं.
पळत ये म्हणते. आवाज तिचाच आहे. तिच्यामागे आणखी कुणीकुणी — सगळेच म्हणतात, पळत ये —
असोत. माझी लेक तिथे आहे.
पदर खोचला. चप्पल काढली. चांगुणा, आले बघ मी, तू फक्त बोलत राहा