गोल कडांची बोट

अण्णा, मी बोट केली. माणसं बसतात तसली नव्हे. हातभरापेक्षा थोडी लांब, आत मोटर आणि बॅटरी, मागे पाण्यात फिरणारा पंखा, आणि काठावर उभं राहून हातातल्या रिमोटने पळवायची. ह्या बोटींच्या शर्यती लागतात. कळंबला एका रिसॉर्टच्या मागे तळं आहे, तिथे दर रविवारी सकाळी सात-आठ जण जमतात आणि हेच करतात. सगळे चांगले केस पिकलेले. त्यात कर्जतचा एक दाताचा डॉक्टर आहे, एक टेंपोवाला आहे, आणि आता तुमची मुलगी आहे. तुम्ही असतात तर तंबाखू मळता मळता म्हणाला असतात, "हिला घरात काय काम नाय वाटतं." काम भरपूर आहे अण्णा. तरी केली. आणि आज ते सगळं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर कागद घेऊन बसले आहे.

हे खूळ डोक्यात घातलं ते आमच्या मोहोपाड्याच्या प्लांटमधल्या एका सहकाऱ्याने. तो मीटर-वॉल्व्हची कामं बघतो, मी लॅबमध्ये असते. मूळचा कळंबचा, घरी भातशेती, आणि तळं ज्या रिसॉर्टमध्ये आहे तो त्याच्या आतेभावाचा. एकदा डबा खाताना त्याने मोबाइलवर त्याची बोट दाखवली. ती पाण्यात नव्हतीच, पाण्यावर होती. सगळं अंग वर उचललेलं, फक्त मागची कड पाण्याला टेकलेली, आणि मागे पांढरी रेघ. माझी भाजीपोळी तशीच राहिली. मी विचारलं, ही मिळते कुठे? तो म्हणाला, "तयार बॉडी मागवायची मॅडम, नि मोटर बसवायची. आमी समद्यांनी तेच केलंय." बॉडी म्हणजे बोटीचं नुसतं कवच, मोटर-बिटर सोडून. आणि मी काय बोलले असेन? म्हटलं, बॉडी मी स्वतः करणार. बोलून गेले आणि मग माझीच मला धडकी भरली.

तुम्हाला आठवतं का, मी नववीत होते तेव्हाचं? तुम्हाला कशाला आठवेल. तुमच्यासाठी तो कामाचा एक दिवस होता. गणपतीला महिना राहिला होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, पत्र्याखाली मूर्तींच्या रांगा आणि मधून आई चहाची किटली घेऊन फिरते आहे. मी दोन वर्षं रंगाला बसत होते. पीतांबर पिवळा, उपरणं लाल, मुकुटाला सोनेरी. पण मला साच्याला बसायचं होतं. त्या दिवशी एक माणूस आला नव्हता, म्हणून तुम्ही म्हणालात, बस. मी साच्यात माती दाबायला लागले, आणि चुकू नये म्हणून इतकी दाबली की साचा उघडला तेव्हा एक कान साच्यातच राहिला. तुम्ही रागावला नाहीत. माझा हात हातात घेतलात, उलटा केलात, सुलटा केलात, आणि अगदी मायेने म्हणालात, "तुजा हात जड हाय गं बाय. तू आपली रंगाला बस." साच्याला काकांचा मुलगा बसला. मी पुन्हा कधी मातीला हात लावला नाही. शिकले, रसायनशास्त्राची पदवी घेतली, नोकरी लागली, लोक मला हुशार म्हणतात. पण तुमचा हात माझ्यात उतरला नाही, हे मी इतकी वर्षं धरून चालले आहे. बोटीची बॉडी स्वतः करायची म्हटलं ते तेवढ्यासाठीच. एकदा बघायचं होतं, खरंच जड आहे का.

बॉडी स्वतःच करायची तर आधी लाकडात आकार कोरा, असं तळ्यावरच्या लोकांनी मला सांगितलं होतं. मला लाकडातलं काय कळतं? मी पेणहून शाडूची गोण आणवली. तुमचे जावई दार उघडून गोणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "यंदा घरचाच बाप्पा का?" मी म्हटलं, बोट. दुसऱ्या दिवशी गॅलरीतली त्यांची आरामखुर्ची त्यांनी स्वतःच उचलून आत नेली. संसार असा टिकतो. नकाशा नेटवरून काढला, त्यावरून जाड पुठ्ठ्याचे आकार कापले, बोट आडवी कापली तर पुढे कशी दिसेल, मध्ये कशी, मागे कशी, असे. मग पाटावर माती चढवायला घेतली, बोट उलटी, पोट वर.

अण्णा, पहिला गोळा हातात घेतला तेव्हा तो वास आला आणि मला एकदम भूक लागली. कारखान्यातून घरी आल्यावर लागायची तशी. मी रोज ऑफिसातून यायचे, बस खालापूरच्या नाक्यावर थांबायच्या आधीच माझ्या डोक्यात बोट सुरू व्हायची. हात-पाय धुवायचे, ओलं फडकं काढायचं आणि बसायचं. माती चढवायची, पुठ्ठा लावून बघायचं, जिथे उजेड दिसेल तिथे भरायचं, जिथे पुठ्ठा अडेल तिथे खरवडायचं. एका बाजूचं पोट दुसरीपेक्षा फुगीर व्हायचं, ते काढलं की पहिली बाजू रोड दिसायची. एवढा आनंद मला नोकरीत बढती मिळाल्यावरही झाला नव्हता. शेजारची बाई विचारायला आली, की हे मगरीसारखं काय आहे. मी तिला बसवून सगळं समजावलं, नकाशासकट. ती पुन्हा आली नाही.

शेवटी एका संध्याकाळी सगळे पुठ्ठे सगळीकडे चपखल बसले. कुठे उजेड नाही. मी त्यानंतर अर्धा-पाऊण तास नुसती तिच्यावरून पाण्याचा हात फिरवत बसले. काय करते आहे ह्याचा काही विचार नव्हता. दुसऱ्या दिवशी वर प्लास्टर ओतलं, मध्ये काथ्या घालून, तुमच्यासारखाच. प्लास्टर सुकल्यावर आतली माती काढली, साच्याची बारीक छिद्रं आतून लाखेने बुजवली, मेण चोळलं. इथपासून पुढे मी तुम्हाला विचारायला आले नसते, कारण इथून माझं राज्य. काचेचं कापड, ते टणक करणारं रेझिन, त्यात हार्डनर किती, उन्हात किती वेळ ठेवायचं, हे मला पाठ आहे. साच्यात थरावर थर दिला आणि वाट बघितली. मग काढायची वेळ आली. तुम्ही साचा उघडताना कुणाला बोलू द्यायचा नाहीत. मी जावयांना बोलू दिलं नाही. कडेने पाचर घातली, हलकेच ठोकलं, आणि टक् असा आवाज होऊन बोट सुटली. कुठेही काही अडकून राहिलं नव्हतं. पातळ, टणक, हातात घेतली तर असून नसल्यासारखी. मी ती डोक्यावर धरून घरभर फिरले. वय विसरून, हो.

आतलं सगळं त्या सहकाऱ्याने बसवून दिलं, वरचं झाकण मी केलं, आणि एका रविवारी आम्ही कळंबला गेलो. सकाळ होती, तळं शांत, पाहुणे अजून उठले नव्हते. मी वाकून माझी बोट पाण्यात सोडली. ती तरंगली, सरळ तरंगली. मी रिमोटचा खटका ओढला. ती निघाली, नाक वर केलं, आणि ढुंगण पाण्यात रुतवून बसली. आणखी ओढला तर आणखी बसली. मोटर किंचाळतेय, मागे पाणी उसळतंय, आणि बोट आपली जड म्हशीसारखी चाललेली. डॉक्टरांची बोट तिच्या बाजूने सुर्रकन निघून गेली आणि लाटेने माझी डुलली. मला वाटलं, झालं. अण्णा बरोबर होते.

सहकाऱ्याने ती पाण्यातून काढली, पुसली आणि उलटी केली. आधी पंखा बघितला, मग बॅटरी पुढे-मागे करून बघितली. मग मागच्या कडेवरून अंगठा फिरवला, तळ संपतो आणि मागची उभी बाजू सुरू होते तिथून. पुन्हा फिरवला. मग बाजूच्या कडांवरून.

"मॅडम, ह्याला कड कुटं हाय?"

"म्हणजे?"

"हितं धार पायजे. अंगठ्याला लागावी अशी. पानी हितून सुटायला पायजे, तवा ती वर उचलते. तुमी गोल केलंय. गोलाला पानी चिकटतं नि खाली वढतं." त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून म्हणाला, "जाड काठाच्या पातेल्यातून चा वतला की कसा बुडाला वघळतो, तसं." मग त्याने बोट उजेडात धरली, सगळीकडून अंगठा फिरवला आणि हसला. "काम एक नंबर हाय, खोटं नाय बोलत. पन गनपतीचं पोट केलंय तुमी बोटीचं. एक पन कड ठेवली नाय. कोनी शिकवलं असलं?"

त्याला तुमच्याबद्दल काही माहीत नाही. आमचा कारखाना होता हेसुद्धा मी प्लांटमध्ये कधी बोलले नाही. मी त्याच्या हातातून बोट घेतली आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. आणि मला तुम्ही दिसलात, अण्णा. रंगाला मूर्ती द्यायच्या आधी तुम्ही बाजूला पाण्याची वाटी घेऊन बसायचात आणि प्रत्येक मूर्तीच्या प्रत्येक कडेवरून ओला अंगठा फिरवायचात. कान, सोंडेचं टोक, आसनाचे कोपरे, उंदराच्या पाठीखाली कुणाला दिसणार नाही तिथेसुद्धा. "कड ठेवू नगं, कपची उडंल. नि उचलताना पोरांच्या हाताला लागंल." साच्याला बसलेल्या प्रत्येकाला हे सांगायचात. मला कधी सांगितलं नाहीत. मी तर समोर रंगाला बसले होते, पीतांबर भरत. पुठ्ठे चपखल बसल्यावर गॅलरीत मी अर्धा-पाऊण तास करत होते ते हेच. साधलेला सगळा आकार मी तुमच्या अंगठ्याने घालवत होते. तुमचा हात मला कुणी शिकवला नव्हता, मागूनही मिळाला नव्हता, तरी तो आला होता, आणि असा आला होता की परक्या माणसाच्या अंगठ्याला कळला. मला हसू फुटलं. सहकाऱ्याला वाटलं, बाईला लाज वाटली म्हणून हसतेय. तो घाईघाईने म्हणाला, "व्हतं हो मॅडम, दुरुस्त व्हतं." टेंपोवाल्याने मला वडापाव आणून दिला. मी तळ्याकाठी बसून वडापाव खाल्ला आणि डोळे पुसले, दोन्ही एकदम.

दुरुस्त करायला आठवडा गेला. मागच्या बाजूला प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधायची, कोपऱ्यात रेझिन आणि पावडर कालवून भरायची, सुकली की पट्टी काढायची आणि फरशीच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून घासायचं. हात वापरायचा नाही, नुसती फरशी. हात वापरला की तो पुन्हा गोल करायला बघत होता. दोनदा मी पकडला त्याला. एकेक कड अशी झाली की अंगठा नेला तर रेघ उठावी. प्रत्येक कडेला मी तुम्हाला मोठ्याने सांगत होते, रागावू नका, इथे चालत नाही. तुम्ही जन्मभर जे केलंत ते शेवटी पाण्यात विरघळायला केलंत. हिला पाण्यावर राहायचं आहे.

आणि ती राहिली, अण्णा. पुढच्या रविवारी खटका ओढला आणि ती क्षणभर तशीच बसली, आणि मग कुणी खालून हात घालून उचलावं तशी वर आली. आवाजच बदलला. पाण्याला फक्त शेवटची कड लागत होती, आणि ती निघाली ती थेट पलीकडच्या काठापर्यंत, आणि मला वळवायचं सुचेना. सहकारी ओरडतोय, "वळवा मॅडम, वळवा," आणि मी नुसती बघतेय. कशीबशी वळवली. शर्यतीत पाच बोटींत तिसरी आले आणि डॉक्टरांच्या पुढे आले, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. तुमचे जावई तळ्याच्या कठड्यावर बसून टाळ्या वाजवत होते आणि घरी येईपर्यंत रस्ताभर शर्यत तेच मला सांगत होते, जणू मी तिथे नव्हतेच. आता दुसरी बॉडी करायला घेतेय, जास्त लांब, जास्त पातळ. ह्या खेपेला कडा पहिल्यापासून धारदार ठेवणार. शाडू पुन्हा मागवला आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तळ्यावरच्या लोकांना ती मी सांगितलेली नाही, घरीही नाही. बोट पळाली त्या दिवशी मला फार आनंद झाला, पण ती पाण्यात बसली त्या रविवारी झाला होता तेवढा नाही.