मंडीदीप : एक आतला प्रवास

१४ सप्टेंबर, सकाळ
आजपासून मी कलावंत. निर्णय पक्का. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात उभी हयात क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू नापास करण्यात. आता स्वतः काहीतरी करणार. अपर्णा नावाची एक मुलगी मिक्स्ड मीडिया कोलाज आणि टेक्स्टाइल आर्टचं वर्कशॉप घेते. नाव घातलं.
योजना: रोज पहाटे उठून काम. नोव्हेंबरात शहरातल्या चांगल्या गॅलरीत सोलो शो. डिसेंबरात सायलीचं लग्न आहेच. मुलीचा बाप काय चीज आहे ते व्याह्यांना आधीच कळलेलं बरं.
बायकोला, मंगलाला, सांगितलं. तिने विचारलं, हॉलवाल्याला फोन केला का. हॉलवाल्याला उद्या.

१५ सप्टेंबर
पहाटे उठलो नाही. कलावंताची झोप वेगळी असते.

२० सप्टेंबर
वर्कशॉपचा पहिला दिवस. वर्गात मी एकटाच पुरुष आणि एकटाच इंजिनियर. जबाबदारी वाढली. अपर्णा म्हणाली, नवं कापड मुकं असतं. वापरलेलं, डाग पडलेलं कापड घ्या, त्यावर मनात येईल ते शिवा, चिकटवा. बाकीच्या बायका गोंद बोटाने लावत होत्या. मी त्यांना गोंदाच्या प्रकारांबद्दल थोडी माहिती दिली. बोलता बोलता तास संपला. अपर्णा मधून मधून घड्याळ बघत होती. वेळेचं भान असलेली मुलगी आहे.

२५ सप्टेंबर
चौकातल्या शिंप्याकडे चिंध्या मागायला गेलो. त्याने भोपाळी थाटात विचारलं, "को खां, गद्दे भरोगे क्या?" मी त्याला टेक्स्टाइल आर्ट ही संकल्पना समजावून सांगितली. त्याने पोतंभर चिंध्या फुकट दिल्या, वर चहा पाजला आणि घरी कोणी बघणारं आहे ना, असंही आपुलकीने विचारलं. सामान्य माणसाला कलेची कदर असते.
हॉलवाल्याला मंगलानेच फोन केला.

५ ऑक्टोबर, दुपार
आजचा दिवस ऐतिहासिक. मंगला सायलीबरोबर साड्यांच्या खरेदीला गेली. जाताना सांगून गेली, माझी लोखंडी पेटी उघडून आतले कपडे उन्हात घाला. लग्नाचं सामान आहे, नीट घाला. घातले. पेटीच्या तळाशी, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं एक कापड सापडलं. पांढरं, म्हणजे एके काळी पांढरं. लांबरुंद, सुती, मऊ. ठिकठिकाणी पिवळे डाग. एका कोपऱ्याच्या शिवणीत तांदळाचे दाणे अडकलेले. मधोमध एक लालसर फिकट डाग, चार दिशांना पाय फुटलेला. क्वालिटीतल्या माणसाची नजर: जुना टेबलक्लॉथ, त्यावर वरणभात सांडलेला, मध्ये लोणचं. धुऊनही न गेलेलं.
अपर्णाने सांगितलेलं बोलकं कापड ते हेच. सासरेबुवांच्या घरचं दिसतं. ती मंडळी जेवताना सांडत असत.

६ ऑक्टोबर
कलाकृतीचं नाव ठरलं: ‘मंडीदीप : एक आतला प्रवास’. त्यात कंपनीचा टाय, गणवेशाचे खिसे, रबरी गॅस्केट, वॉशर, कन्व्हेयर बेल्टचा तुकडा, ‘रिजेक्ट’चा शिक्का मारलेले पिवळे टॅग आणि शिंप्याच्या चिंध्या. गोंद मात्र घरगुती नाही. ओळखीतून इंडस्ट्रियल मिळवला. वॉटरप्रूफ, हीटप्रूफ. एकदा चिकटलं की चिकटलं. माझ्यामागेही ही कलाकृती राहिली पाहिजे.

१९ ऑक्टोबर
गच्चीवर काम जोरात. मंगला वर येत नाही, तिला दिवाळी आणि लग्न दोन्ही आहे. मला पत्रिका वाटायच्या आहेत. मिसरोदमधल्या वाटल्या. कोटरा सुल्तानाबादच्या राहिल्या. त्या भागात एकदमच जाईन.

२ नोव्हेंबर
पूर्ण. तीन वेळा लांबून पाहिलं, एकदा आरशातून. डोळे भरून आले. गोंदाच्या वासाचाही थोडा भाग असेल.

६ नोव्हेंबर
गॅलरीत फोटो दाखवले. त्यांनी वजन विचारलं. नंतर म्हणाले, सध्या जागा नाही. कधी होईल, विचारलं. ते सांगता येत नाही म्हणाले. गॅलऱ्या घाबरट असतात. मोठ्या कामाला लोकांमध्येच गेलं पाहिजे.

१० नोव्हेंबर
आपल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी नितीन भेटला. वार्षिक कार्यक्रमात भिंत मागितली. भिंतीवर बॅनर आहे म्हणाला. चपला काढतात तिथे चालेल का, त्याने विचारलं. मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार केला. चालेल. फोन केला तर आता तिथेही चकलीचा स्टॉल आहे म्हणाला.

१३ नोव्हेंबर
घराच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावण्याचा प्रस्ताव मांडला, अजून झाकलेलंच दाखवून. मंगला म्हणाली, लग्नघरात ते नको, लग्नानंतर बघू. ती नाही म्हणाली नाही, हे महत्त्वाचं.

२४ नोव्हेंबर, दुपार
आज गोपीनाथरावांकडे केळवण होतं. ते शेजारीच राहतात. जेवताना त्यांच्या बायकोने विचारलं, अंतरपाट तुमच्याचकडचा ना? मंगला म्हणाली, हो तर, आणि घास बाजूला ठेवून सांगायला लागली. तिचे वडील नागपूरहून ऑफिसबरोबर भोपाळला आले तेव्हा सामानात तो होता. त्यांचं लग्न त्याच्याआड लागलेलं. मंगलाच्या बहिणींची लागली. मग कोटऱ्यातल्या निम्म्या मराठी घरांनी तो मागून नेला, दर लग्नात त्यावर नवं कुंकवाचं स्वस्तिक, अक्षता, हळद. त्याच्याआड लागलेलं एकही लग्न मोडलं नाही. "आमचंही त्याच्याचआड लागलं," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली.
पुढे म्हणाली, पेटीत तळाशी ठेवलाय, उशीच्या अभ्र्यात.
मी श्रीखंडाची वाटी परत केली.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
शांतपणे विचार करू. माझी चूक कुठे? माझ्या लग्नात मी त्याच्यापासून वीतभर अंतरावर मान खाली घालून उभा होतो. इतक्या जवळून कोणाला काय ओळखू येणार. शिवाय कापडावर काही लिहिलेलं नव्हतं.
मंगलाला सांगायचं हे नक्की. योग्य वेळ आली की.

२६ नोव्हेंबर
गॅस्केट निघत नाही. टाय निघत नाही. गरम पाण्यात बुडवलं, व्हिनेगर लावलं. चिंधीचा एक धागा सुटला. गोंद खरोखर उत्तम आहे. कंपनीला कळवायला हवं.

२८ नोव्हेंबर
मार्ग सापडला. अपर्णाने कापड जुनं दिसण्यासाठी चहात बुडवायला शिकवलं होतं. नवं मांजरपाट आणलं. चहात बुडवलं, वाळवलं, चुरगळलं. हळद. कुंकवाचं स्वस्तिक काढून अर्धवट पुसलं. पिवळे डाग हुबेहूब येईनात, म्हणून दुपारचं उरलेलं वरण वापरलं. कडेला तांदूळ शिवले. अस्सल आणि नक्कल यांत आता मलाही फरक कळत नाही. अभ्र्यात घालून पेटीत ठेवलं. ही माझी खरी पहिली कलाकृती म्हणायला हरकत नाही.

३ डिसेंबर
मंगलाने पेटी उघडली. कापड हातात घेतलं. नाकाशी नेलं.
"अहो, अंतरपाटाला हिंगाच्या फोडणीचा वास येत नाही," ती म्हणाली.
मी गच्चीवर नेऊन दाखवलं. तिने टाय बघितला, गॅस्केट बघितलं. मग ते उलटून मागची बाजू वर केली आणि त्या फिकट लाल डागावर हात फिरवत बसली, ज्याला मी लोणचं म्हणालो होतो. रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. हे कारणं न देता लिहितो आहे.

४ डिसेंबर
मी नवीन आणतो म्हणालो. मंगला म्हणाली, आणा. तेवढंच. शेवटी सायलीने वर जाऊन बघितलं. बराच वेळ खाली आली नाही. आली ती हसून हसून लाल झालेली. आईजवळ बसली आणि म्हणाली, मागची बाजू शाबूत आहे ना, मग माझं लग्न त्याच्याचआड लागणार. आईची बाजू माझ्याकडे, बाबांची मंदारकडे.
मंदार जावई होणार आहे. त्याला कोणी विचारलं नाही.

६ डिसेंबर
गोरज मुहूर्त. शेवटी शो झाला. स्टेजवर, लायटिंगसकट, सनई लावून, भरलेल्या हॉलसमोर. गुरुजींनी मागच्या बाजूला नवं स्वस्तिक काढलं, पुढच्या बाजूकडे बघायचं टाळलं. पहिल्या मंगलाष्टकातच वजनाने त्यांचे हात थरथरू लागले, म्हणून एक टोक गोपीनाथरावांनी धरलं, एक मी. व्याह्यांनी मला हळूच विचारलं, ही भोपाळची पद्धत आहे का. मी हो म्हणालो. अक्षता पडत होत्या. एक वॉशर सुटून मंदारच्या पायावर पडला. माझ्या बाजूने मला फक्त रबर आणि टाय दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे सायलीच्या बांगड्यांचा आवाज.
शेवटचं मंगलाष्टक संपलं. गुरुजी म्हणाले, सोडा. मीच सोडला.
टाळ्यांचा कडकडाट झाला. कशासाठी, ते मला कळलं. समोर सायली होती. मंगला माझ्याकडे बघून हसली नाही, पण रुमाल दिला.

८ डिसेंबर
मुलगी-जावई जेवायला आले होते. मंदारला बाजूला घेऊन विचारलं. एवढ्या जवळून, एवढा वेळ माझं काम दुसऱ्या कोणीच पाहिलेलं नाही. प्रामाणिक मत दे म्हणालो. मुलगा सज्जन आहे, बराच अडखळला.
"बाबा, खरं सांगू? मी फक्त ते कधी बाजूला होतंय याची वाट बघत होतो."
अंतरपाट अभ्र्यात घालून पेटीत गेला, टायसकट. गोपीनाथरावांकडे फेब्रुवारीत लग्न आहे, त्यांनी मागितलाय. त्यांना मंगलाने एकच अट घातली: धरायला दोन दणकट माणसं बघून ठेवा.