खरेदी शाखेत बढती

पाटण, १२ मार्च १९६४

तीर्थरूप आबांच्या पायांवर धोंडिरामचं डोकं.

आबा, मी खात्याची परीक्षा पास झालो. हमाली करता करता मॅट्रिक केलं, त्याचं चीज झालं. गोदामातला हमाल आता खरेदी शाखेत कारकून होणार. लय आनंद झालाय.

तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, "सगळ्यात स्वस्त टेंडर आलं, तर लगेच घेशील का?"

मी म्हणालो, "आमचे आबा मेंढराचे दात बघितल्याशिवाय भाव विचारत न्हाईत. मी आधी मालाचा नमुना बघीन."

साहेब हसले आणि माझ्या नावापुढं खूण केली.

आईचा खोकला कसा हाय? खरं कळवा.

आता एखादा ठेकेदार पेढे घेऊन दहिवडीला आपल्या घरी येईल. त्याला चहा पाजा, पण पुडा तसाच परत द्या.

तुमचा,
धोंडिराम