रीतसर बोलावणं

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.
लग्नसराई सुरू. यंदाही नियम सैल करायचे नाहीत असं ठरवलं. लिहून ठेवतो, मोहाच्या क्षणी उपयोगी पडेल.
आमंत्रण घरी येऊन दिलं पाहिजे. नवरा-बायको दोघांनी. उभ्या उभ्या नाही, बसून. पत्रिकेवर नाव पूर्ण, हुद्द्यासकट: सेवानिवृत्त केंद्रप्रमुख. बारा शाळांवर देखरेख केलेल्या माणसाला हे गाव अजून 'गुरुजी' म्हणतं. गुरुजी मी १९९८ पर्यंत होतो. त्यानंतर साहेब. आणि हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं नाही, मग भले उपाशी परतावं लागलं तरी.
गेल्या वर्षी अडतीस पत्रिका आल्या. त्यातल्या एकतीस लग्नांना तत्त्वासाठी गेलो नाही. या वर्षी आतापर्यंत चार. म्हणजे परिणाम दिसायला लागला. लोक आता विचार करून बोलावतात.

१५ एप्रिल, मंगळवार
भक्तीचं लग्न ठरलं! माझी बहीण मालन सेलूला दिली आहे, तिची ही थोरली. मुलगा पूर्णेला रेल्वेत. १८ मे, रविवार, दुपारी १२.३५. लग्न सेलूलाच.
बातमी मला शेजारच्या चंद्रभानने कटिंगच्या दुकानात दिली. माझी अर्धी दाढी झाली होती. त्याला त्याच्या बायकोने सांगितलं, तिला माझ्या बायकोने, आणि माझ्या बायकोला मालनने सकाळीच फोन केला होता. घरी येऊन पार्वतीला जाब विचारला. ती म्हणाली, तुमीच म्हणता की बायकूच्या फोनवर कळवलेलं मी धरत न्हाई. बरोबर आहे. धरत नाहीच. ऑफिशियली मला अजून काहीही माहीत नाही.
पण मामा मी. थोरला मामा. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं, अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे काम माझं. भक्ती पाचवी ते सातवी आमच्याच घरी राहून शिकली. आम्हाला मूलबाळ नाही. तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत न्यायचो. घंटी तिनेच वाजवायची, मी हात लावायचा नाही, असा करार होता.
असो.

१९ एप्रिल
परभणीला जाऊन मामाची पिवळी साडी घेतली. दुकानदाराने बारा दाखवल्या. तेरावी घेतली. पार्वतीला ताकीद दिली, तिकडे बोलायचं नाही. आधी त्यांनी बोलवायला यावं.

२६ एप्रिल, शनिवार
पत्रिका आली. व्हॉट्सॲपवर! घराण्याच्या ग्रुपवर, कोणाच्या तरी गुलाबाच्या फुलाखाली आणि हरवलेल्या म्हशीच्या फोटोच्या वर.
बोटांनी मोठी करून पाहिली. मामांमध्ये पहिलं नाव बजरंगचं. माझा धाकटा भाऊ. पूर्णेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, वय शेहेचाळीस, अजून जीन्स घालतो. नावापुढे 'युवा उद्योजक'. त्याच्या खाली मी: 'दत्ता गुरुजी, ताडकळस.' संपलं.
निषेध म्हणून उत्तर दिलं नाही. पाहिल्याची निळी खूण त्यांना दिसेल, त्यात सगळं आलं.
सायं. ५. पार्वती म्हणते, तुमच्या मोबाइलची निळी खूण बंद हाय, तुमीच बंद करून घेतली होती, आपण रिकामेच बसलोय असं लोकांला वाटू नये म्हणून. म्हणजे निषेध पोचलाच नाही.

१ मे, गुरुवार
मालनचे यजमान, दिनकरराव दाजी, स्वतः येऊन गेले. सेलूहून मोटारसायकलवर, या उन्हात. पण एकटे.
मी न्हाणीत होतो. बाहेरून आवाज आला, गुरुजी हायत का घरी? परत गुरुजी! म्हटलं, थांबू द्या जरा. साहेबाला भेटायचं तर थांबावं लागतं. मुद्दाम सात-आठ तांबे जास्त घेतले. मग अंग पुसलं. इस्त्रीचा शर्ट. भांग. बाहेर आलो तर ओट्यावर रिकामा पेला.
पार्वती म्हणाली, अर्धा तास बसले, चहा घेतला, आणखी सात गावं करायचीत म्हणून उठले. पत्रिका अन् अक्षता ठेवून गेले. जाताना न्हाणीच्या दाराशी येऊन बोललेही, तुमीच मोठे, दोन दिवस आधी या, तुमच्याशिवाय काई व्हायचं न्हाई. मला पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. म्हणजे आलं, पण स्पष्ट नाही.
पत्रिकेवर पेनने 'श्री. दत्तराव साहेब' लिहिलंय. हे कबूल केलं पाहिजे. पण दिली पार्वतीच्या हातात. पार्वती म्हणाली, मंग आता घ्या की तुमच्या हातात, ही घ्या. असं होत नसतं. पत्रिका टीव्हीजवळ पडून आहे. मी शिवलेलो नाही.

६ मे
बजरंगला फोन केला. स्वतःसाठी नाही, रीत म्हणून. म्हटलं, मालनच्या कानावर घाल, मूळ आल्याशिवाय मामा निघत नसतो. न्यायला माणूस यावा, गाडी यावी. आपल्या आजोबांना बैलगाडी यायची.
बजरंग म्हणाला, दादा, मालनअक्काचं बीपी वाढलंय. दाजी त्या दिवशीपासून ऊन लागून पडलेत. कुणाला पाठवायचं त्यांनी? मी पंधरा तारखेला टेम्पो घेऊन चाललोय, पुढं माझ्याजवळ बसा, लय मोकळी जागा हाय.
टेम्पो. विचार करून सांगतो म्हटलं. विचार तेव्हाच झाला होता.

१० मे, शनिवार
मालनचा फोन. पार्वतीच्या मोबाइलवर. पार्वतीने स्पीकर लावून माझ्या तोंडासमोर धरला, न विचारता. मालन म्हणाली, दादा, तुमी यायलाव का न्हाई? मी म्हटलं, रीतसर बोलावलं तर येईन. ती म्हणाली, मंग आता मी काय करायलेय?
तिकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तीन मोजल्या. मग ती म्हणाली, मला दोनच भाऊ, दादा. तुमची मर्जी. आणि ठेवला.
'तुमची मर्जी.' म्हणजे निर्णय माझ्यावर सोपवला. थोरलेपण मान्य केलं. आता गाडी येणार हे नक्की. पार्वतीला तसं वाटत नाही. ती भाकरी थापायला गेली आणि आज रोजच्यापेक्षा जोरात थापत होती.

१५ मे, गुरुवार. सकाळी ८.
पार्वती गेली. बजरंगच्या टेम्पोत, पुढे. तिने विचारलं, साडी घिऊन जाऊ का? म्हटलं, मामाची साडी मामाबरोबर जाते. तिने आपली कपड्यांची पिशवी उचलली. बजरंग खाली उतरून माझ्या पाया पडला, म्हणाला, दादा, चला ना, असं नका करू. शेजारचे बघत होते, म्हणून मी जरा कडकच बोललो. तो म्हणाला, बरं.
पार्वतीला सांगून ठेवलंय, तिकडे गेल्यावर गाडीचं बघ. ती म्हणाली, तुमी मागून या. म्हणजे गाडीचं बघणार.
प्लॅन: गाडी १७ला दुपारपर्यंत येईल. एकदा नाही म्हणायचं. चहा पाजायचा. मग बसायचं.

१६ मे
स्वतः खिचडी केली. उत्तम झाली होती, फक्त खालून लागली.

१७ मे, शनिवार. सायं. ६.
चारच्या सुमारास गल्लीत पांढरी गाडी शिरली. मी आत गेलो, दाराकडे पाठ करून पेपर धरला. वाट बघत बसलोय असं दिसायला नको. गाडी चंद्रभानकडे आली होती. त्याच्या जावयाची. तेही सेलूलाच निघाले होते, हळदीला. चंद्रभान येऊन म्हणाला, चला दत्तराव, मागं एक जागा हाय. मी म्हटलं, माझी गाडी येतेय. नवरीचा मामा दुसऱ्याच्या जावयाच्या गाडीत मागे बसून गेला असं व्हायला नको. तो बराच वेळ उभा राहिला. मग गेला.
मालन उद्या सकाळी लवकर पाठवेल. हळदीच्या गडबडीत गाडी कशी सुटणार?

१८ मे, रविवार
सकाळी ६. अंघोळ, नवे कपडे. ओट्यावर खुर्ची टाकली, फाटा दिसेल अशी.
८.३०. गाडी नाही.
९.४०. लग्नाच्या दिवशी ड्रायव्हर मिळत नाहीत. समजून घेतलं पाहिजे.
१०.२५. फोन. भक्ती. माझ्या मोबाइलवर. मागे बँड, बायकांचा गलका. म्हणाली, मामा, कुठवर आलाव? मी म्हटलं, गाडीची वाट बघतोय. ती म्हणाली, कोणती गाडी? म्हटलं, येईलच. ती म्हणाली, मामा, गाडी कुणीच पाठवली न्हाई. तुमी यष्टीनं या. मी थांबते. तुमी आल्याबिगर उभी राहायची न्हाई मी.
नवरीने स्वतः बोलावलं. यापेक्षा रीतसर काय असतं? निघालो.
११.०५. स्टँड. परभणी गाडी आली ती खच्चून भरलेली. कंडक्टर म्हणाला, चढा गुरुजी, दाराशी उभं राहा, पुढं जागा होईल. नवे कपडे, हातात साडीची पिशवी, आणि दाराशी लोंबकळत जायचं? सोडली. भक्ती थांबते म्हणाली आहे. मामा नसताना अंतरपाट धरतच नाहीत.
१२.१०. दुसरी गाडी. खिडकी मिळाली. निर्णय योग्य ठरला.
१.१५. परभणी. सेलूची गाडी लागलेली आहे. बजरंगचे चार मिस्ड कॉल. गाडीच्या आवाजात कळलं नाही. आता पोचूनच बोलू.

सायं. ७. घरी.
पोचलो तेव्हा तीनला दहा कमी. कार्यालयाच्या कमानीखाली कोणीच नव्हतं. गुलाबपाणी शिंपडायचं भांडं रिकाम्या खुर्चीवर ठेवलेलं. आत माइक चालू होता. वधूचे मामा बजरंग भैया यांचा सत्कार, असं दोनदा म्हणाले, टाळ्या झाल्या. त्यावरून समजलं.
कमानीशी उभा राहिलो. कोणाचं तरी लक्ष जाईल, कोणीतरी 'या' म्हणेल. तिथून स्टेज दिसत होतं. भक्ती खुर्चीत बसली होती. चेहरा दिसण्याइतकं जवळ नव्हतं. बादली घेतलेला एक वाढपी म्हणाला, काका, मागच्या दारानं या, जेवणं चालू हायत अजून. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. सांगावं वाटलं. काय सांगणार?
पंधरा-वीस मिनिटं झाली. परत फिरलो. सेलूपासून परभणीपर्यंत जागा मिळाली नाही.
मी गेलो होतो हे कोणाला सांगायचं नाही.

२० मे, मंगळवार
पार्वती आली. मी म्हटलं, ऐनवेळी तब्येत बिघडली. ती म्हणाली, बरं.
जेवताना तिनेच सांगितलं, मी न विचारता. भटजी घड्याळ दाखवत होते. मुलाकडचे कुरकुरायला लागले. भक्ती खोलीतून उठायला तयार नव्हती, एक वाजून गेला तरी. मामा यष्टीत हाय, येतोय, असं सगळ्यांला सांगायली. मालनने हात जोडले पोरीपुढं. शेवटी बजरंगने तिला उठवलं. तो म्हणत होता, बाळा, मी दादाच्या वतीनं उभा राहतो.
मी म्हटलं, मग माझ्या वतीनेच झालं म्हणायचं. पार्वती ताट घेऊन उठली.

२२ मे
नवा संकल्प. भक्तीला आणि जावयाला जेवायला बोलवायचं. आणि कसं बोलवायचं ते जगाला दाखवायचं: पूर्णेला त्यांच्या क्वार्टरवर स्वतः जाऊन, दोघांनी, बसून. पार्वती म्हणाली, चला, आत्ता चला, अर्ध्या तासाची वाट हाय. मी म्हटलं, आत्ता नको. लग्नानंतर मुलीने आधी फोन करायचा असतो. मामाने असं उठून जाणं बरं दिसत नाही. तिने नेसायला काढलेलं लुगडं परत घडी करून ठेवलं.

२५ मे, रविवार. दुपारी ४.
फोन नाही. नवीन संसार, वेळ मिळत नसेल.
ग्रुपवर लग्नाचा व्हिडिओ आला. अंतरपाट धरलेला. भक्तीच्या मागे बजरंग, मान खाली घालून. पहिल्या मंगलाष्टकाला भक्तीने वळून दाराकडे पाहिलं. तिसऱ्याला पुन्हा. अक्षता पडायला लागल्या तरी ती तिकडेच बघत होती, मग कोणीतरी तिची हनुवटी समोर वळवली.
बँडवाले त्या बाजूला असतील.
सहा वेळा पाहिला. बँडवाले दुसऱ्या बाजूला आहेत.
पार्वतीला हाक मारली. म्हटलं, हे बघ, इथे ही नेमकी कुठे बघते आहे? पार्वतीने मोबाइल हातात घेतला नाही. म्हणाली, मी तिथंच होते.