तिसऱ्या खोलीची नोटीस

आबा, तुम्ही गेल्यावर सणसवाडीच्या चार खोल्या माझ्याकडे आल्या, त्याला आता वीसेक वर्षं झाली. तिसऱ्या खोलीचं तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. कारखान्यात कंत्राटावर आलेल्या तिघांना मी ती दिली होती. वर्षभरात तिघांचे नऊ झाले. खरकटं मागच्या दारात, मोरी तुंबलेली, संडासाचं पाणी वाहत थेट पिण्याच्या पाण्याच्या हौदापर्यंत. शेजारच्या खोलीतल्या बाईच्या मुलीला कावीळ झाली, तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, मालकीण तुमी हाय ना? मंग पोर गेल्यावर येनार का बघाया?"

मला तुमचं आठवत होतं. मी चौथीत असेन. ओट्यावर घाण करणाऱ्या भाडेकरूचं सामान तुम्ही रस्त्यावर मांडलंत आणि दाराला कुलूप लावलंत. मीही पिशवीत कुलूप टाकलं, पण धीर होईना, म्हणून आधी शिरूरला कोर्टाजवळच्या वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "कुलूप लावाल न्हाईतर पाणी तोडाल, तर गुन्हा तुमच्यावर व्हईल." खोलीची नासधूस, शेजाऱ्यांना उपद्रव, या कारणांवर खोली खाली करून मागता येते, पण आधी लेखी नोटीस द्यायची, सुधारायला मुदत द्यायची, फोटो काढून ठेवायचे, ग्रामपंचायतीत तक्रार द्यायची, आणि तरी ऐकलं नाही तर दावा.

"दावा किती दिवस चालतो?"

"दिवस न्हाई, वर्षं म्हना. आन् संडासाची टाकी कवा उपसली होती? कोर्टात पहिलं हेच विचारतील."

तशीच एसटीनं सणसवाडीला उतरले. नऊ जणांतला सगळ्यात वयस्कर माणूस दारात बादलीनं पाणी उपसत होता. "दीदी, हमने तो दिवाली में ही बोला था, टंकी भर गई है।" खरं होतं ते. मीच "बघते" म्हणाले होते आणि मुलांच्या परीक्षा, लग्नकार्यं यांत विसरले होते.

दुसऱ्या दिवशी टाकी उपसणारी गाडी आणली, हौद धुऊन घेतला. नोटीसही दिली, कारण खरकटं त्यांचंच होतं. महिन्याभरात पाच जण दुसरीकडे गेले; उरलेल्या चौघांनी मागचं दार खरडून साफ केलं. दावा करावा लागला नाही. मुलगी दीड महिन्यानं उठून शाळेत जायला लागली.

पुढं ते कुटुंब तळेगावला राहायला गेलं. निघताना त्या बाईनं मला कुंकू लावलं. "ताई, तुमी धावून आल्या म्हनून पोर वाचली," ती म्हणाली. दिवाळीपासून मला माहीत होतं, हे तिला सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली, आबा. हे पत्र खरं तर तिला लिहायचं होतं.